लॅब्रॅडॉर ठरला होता: एका घराने कुत्रा कसा निवडला

कुत्र्याबद्दल सल्ला द्यायला मी पहिल्या भेटीला गेले तेव्हा निर्णय झालेलाच होता. घरात लॅब्रॅडॉर येणार, हे वडिलांनी फोनवरच सांगितलं होतं. नर घ्यावा की मादी आणि पिल्लू बघताना काय पारखावं, एवढंच मी सांगायचं होतं. कुत्रा घेण्याआधी सल्ला विचारणारी घरं मला फार थोडी भेटतात. बहुतेकांचा फोन येतो तो कुत्रा येऊन सहा-आठ महिने झाल्यावर, सोफा फाटल्यावर, शेजाऱ्यांशी वाजल्यावर. या घराने आधी विचारलं, म्हणून त्यांचं प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवते आहे. त्यांनी परवानगी दिली आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

घर आणि घड्याळ

माणसं पाच. वडील सकाळी आठला बाहेर पडतात, संध्याकाळी सातच्या आत घरी येत नाहीत. आई रुग्णालयात परिचारिका. तिची पाळी दर आठवड्याला बदलते आणि महिन्यातला एक आठवडा रात्रीचा असतो. थोरली मुलगी बारा वर्षांची, धाकटा मुलगा पाच वर्षांचा. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, वय ७१. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, गॅलरी आहे, खाली चालायला मोकळी जागा आहे. धाकट्याला धुळीने दमा उठतो. जोराचा नाही, पण पंप हाताशी ठेवावा लागतो.

वडिलांना लॅब्रॅडॉर हवा होता, कारण त्यांच्या लहानपणी घरात तोच होता. थोरलीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता. आईचं मत पगकडे झुकत होतं: लहान, शांत, घरात मावेल असा. धाकट्याला कोणताही चालणार होता, फक्त तो त्याच्या पलंगावर झोपला पाहिजे. मी आजींना विचारलं. "मला कुठे कुणी विचारलंय," एवढं म्हणून त्या आत गेल्या. आवाजात राग नव्हता. पण मी ते वहीत लिहून ठेवलं.

जातीचं बोलणं मी त्या दिवशी काढलंच नाही. कोऱ्या कागदावर सात दिवसांचे रकाने आखून दिले आणि सांगितलं की कोण किती वाजता घरी असतं, कोण जागं असतं, कोणाचे हात मोकळे असतात, ते आठवडाभर खरंखरं भरायचं. दुसरं काम त्यांना विचित्र वाटलं. कुत्रा आहे असं धरून रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास खाली चालून यायचं. ज्याने वेळ कबूल केली त्यानेच जायचं. पावसाची, थकव्याची सवलत नाही.

आठवड्याने कागद हातात आला. सकाळची वेळ वडिलांनी घेतली होती, त्यांच्या सातपैकी चार चकरा चुकल्या होत्या. थोरलीने संध्याकाळच्या सातही पूर्ण केल्या होत्या. आईच्या रकान्यात झोपेचे तास इतके कमी होते की मी ते बघून गप्प झाले. आणि सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार या साडेआठ तासांत घरात एकच नाव होतं: आजी. चार वाजता आजीच लिफ्टने खाली जाऊन धाकट्याला शाळेच्या बसमधून उतरवून आणतात. म्हणजे चारच्या सुमाराला कुत्र्यालाही त्याच खाली नेणार. कुत्रा कुणाच्याही नावाने आला तरी त्याचा दिवस आजींबरोबर जाणार होता.

इथे एक गोष्ट सांगते, कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. 'कुटुंबासाठी चांगली जात' म्हणताना आपण कुटुंब ही एकच व्यक्ती असल्यासारखं बोलतो. कुत्र्याच्या लेखी कुटुंब म्हणजे वेगवेगळ्या तासांना वेगवेगळी माणसं. दुपारी बाराचं कुटुंब आणि रात्री नऊचं कुटुंब एक नसतं.

यादीतली नावं

हस्कीचा प्रश्न थोरलीने स्वतःच सोडवला. तिला १९२५ सालची नोमची गोष्ट पाठ होती: अलास्कातल्या त्या गावात घटसर्पाची साथ आली, आणि कुत्र्यांच्या चमूंनी आळीपाळीने सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फ तुडवत साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. सर्वांत लांब टप्पा टोगो नावाच्या सायबेरियन हस्कीच्या चमूने पळून काढला. मी तिला एवढंच विचारलं की टोगोच्या जातीचा कुत्रा तुझ्या संध्याकाळच्या अर्ध्या तासात काय करेल? तिने विचार केला आणि म्हणाली, "पळून जाईल." हस्कीचा अनुभव असलेले लोकही हेच सांगतात. ओढत नेणं आणि दूर जाणं त्यांच्या हाडात आहे, अंगावर दुहेरी केसांची रजई आहे, आणि ती वर्षातून दोनदा घरभर उतरते.

पगच्या बाबतीत आईशी बोलणं सोपं गेलं, कारण श्वास कसा असावा हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग यांच्या तोंडाची हाडं माणसाने निवडून निवडून आखूड केली, पण आतला मऊ टाळू त्या मानाने आखूड झाला नाही. नाकपुड्या अरुंद, टाळू लांब, वाट चिंचोळी. कुत्रा घामाने गार होत नाही, धापा टाकून होतो. धापेची वाटच बंद असेल तर उन्हात किंवा जिन्यावर त्याचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. मी तिला झोपलेल्या पगचा एक व्हिडिओ दाखवला, नेहमी जो गोड म्हणून बघितला जातो तसाच. फक्त चित्र झाकलं आणि आवाज ऐकवला. ती दहा सेकंदांत म्हणाली, "या पेशंटला मी आधी बसतं केलं असतं." पगचं नाव तिथेच खोडलं गेलं. नेदरलँड्समध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करायला मनाई आहे, हे मी नंतर सांगितलं. त्याची तोवर गरज उरली नव्हती.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचं नाव मी मनातून यादीत घातलं होतं आणि जड मनाने काढलं. स्वभावाने यासारखा घरगुती कुत्रा विरळा. पाच ते आठ किलोचा, म्हाताऱ्या माणसांच्या मांडीवरही रमणारा, मुलांतही मिसळणारा. पण हृदयाची झडप खराब होण्याचा आजार या जातीत इतका पसरला आहे, आणि मेंदूला कवटी अपुरी पडण्याचा त्रासही, की २०२३ साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली त्याची पैदास प्राण्यांच्या कल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. आईबापांची हृदयं तपासलेली, वयाने पक्व असताना तपासलेली, अशी पिल्लं मिळाली तर विचार करता आला असता. आम्हाला दाखवलेल्या तीन ठिकाणी एकाकडेही तसे कागद नव्हते.

बीगलवर फार वेळ गेला नाही. आकार योग्य, मुलांशी गट्टी जमते, पण तो नाकाने जगणारा शिकारी कुत्रा आहे आणि कळपाला हाक द्यावी तसा लांब सूर काढतो. भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या इमारतीत दिवसभर आजींनी तो सूर ऐकायचा आणि शेजाऱ्यांचंही ऐकायचं, हे मला नको वाटलं. बॉर्डर कॉली कुणी सुचवला नाही याचं मला हायसं वाटलं. चेसर नावाच्या एका बॉर्डर कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं ओळखता येत होती. अशा डोक्याला दिवसभर काम द्यावं लागतं, आणि घराने दिलं नाही तर ते स्वतः शोधून काढतं.

लॅब्रॅडॉर, आणि माझी चूक

आता वडिलांचा लॅब्रॅडॉर. पहिल्या दोन भेटींत माझाही कल त्याच्याकडेच होता, आणि मी तसं सांगितलंही: पिल्लू घेऊ नका, तीन-चार वर्षांची शांत मादी शोधा.

लॅब्रॅडॉरची कीर्ती उगाच झालेली नाही. नाव कॅनडातल्या लॅब्रॅडॉर प्रदेशाचं असलं तरी मूळ शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या पाणकुत्र्यांत आहे. जाळी, दोर, निसटलेले मासे तोंडाने उचलून आणायचे, तेही न चावता. माणसाच्या हाताशी राहून काम करण्याची ही ओढ पुढच्या पिढ्यांत जपली गेली, म्हणून आंधळ्यांच्या सोबतीला आणि अपंगांच्या मदतीला हीच जात सर्वांत जास्त दिसते. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षं ती पहिली होती.

वडिलांना मी त्याची दुसरी बाजूही सांगितली. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या यंत्रणेतला हा तुकडा. अशा कुत्र्याला भूक सतत जाणवते आणि त्याचं वजन जास्त भरतं. तेव्हा 'आमचा हावरट आहे' म्हणून हसण्यापेक्षा त्याचं ताट मोजून देणं ही घराची जबाबदारी आहे. वडील म्हणाले, त्यांच्या लहानपणचा कुत्रा शेवटी उठू शकत नव्हता, सांध्यांनी गेला. त्याला घरातल्या सगळ्यांनी प्रेमाने खायला घातलं होतं. हे सांगताना ते थांबले, आणि मीही पुढे बोलले नाही.

तिसऱ्या भेटीला मी माझी लॅब्रॅडॉर मादी बरोबर नेली. नऊ वर्षांची, २९ किलोची, शिकवलेली, संथ. सगळ्यांनी आळीपाळीने तिचा पट्टा धरून खाली फिरवायचं होतं. आजी नको म्हणत होत्या. मी आग्रह केला आणि पट्ट्यावर माझाही हात ठेवला. कोपऱ्यावरून एक मांजर गेलं. माझ्या कुत्रीने झेप घेतली नाही. ती फक्त उभी राहून पुढे झुकली. तेवढ्या ओढीने आजींचा हात खांद्यापासून सरळ झाला, एक पाऊल पुढे गेलं आणि त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. बोलल्या काहीच नाहीत. पट्टा माझ्या हातात दिला.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं तेच मनगट मोडलं होतं. हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. आजी फक्त घरात असतात, असं धरून मी चालले होते. कागदावर साडेआठ तास त्यांचं नाव बघूनही मी त्यांचा हात बघितला नाही. ही चूक माझी.

घरी येऊन मी आकडे पुन्हा काढून बघितले. अमेरिकेत २००१ ते २०२० या वीस वर्षांत पट्टा धरून कुत्र्याला फिरवताना दुखापत होऊन तातडीच्या विभागात आलेल्या प्रौढांचा अंदाज सुमारे ४ लाख २२ हजार आहे. त्यांत चारांत तीन बाया. बोट मोडणं, डोक्याला मार, खांदा दुखावणं हे सर्वांत वरचे प्रकार. मोठ्या कुत्र्याने अंगावर येण्याची गरजच नसते. दारावरची घंटा वाजली की आनंदाने उठून जाताना तो पायात येतो, एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन करून मी माझा सल्ला मागे घेतला. त्यांना वाईट वाटलं. "मी नेईन रोज," ते म्हणाले. मी कागदावरच्या चार चुकलेल्या सकाळी त्यांना वाचून दाखवल्या नाहीत. त्यांना त्या आठवत होत्या. आठ किलोच्या वरचा कुत्रा घरात नको, आणि पिल्लूही नको, एवढं त्या फोनवर ठरलं. पिल्लाचे दात, दर दोन तासांनी शू, पायात घोटाळणं, हे सगळं आजींच्याच वाट्याला आलं असतं.

शिंकांचा प्रश्न

धाकट्याच्या दम्यासाठी आईने एक शब्द शोधून आणला होता: ॲलर्जी न देणाऱ्या जाती. पूडल, बिशोन, लॅब्राडूडल. हा समज इतका पसरला आहे की त्याच्यावर जरा थांबते.

ॲलर्जी केसांनी होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असलेल्या प्रथिनांनी होते. केस फक्त ती वाहून नेतात. केस न गळणाऱ्या कुत्र्यालाही लाळ असते, कातडी असते. अमेरिकेत १७३ घरांतली धूळ तपासून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या 'ॲलर्जी न देणाऱ्या' जातींच्या घरांत आणि इतर कुत्र्यांच्या घरांत मुख्य प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही.

लॅब्राडूडलचा जन्मच या समजापोटी झाला. १९८९ साली ऑस्ट्रेलियात आंधळ्यांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका अंध बाईची मागणी आली. तिच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी पूडल आणि लॅब्रॅडॉर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने त्या नवऱ्याकडे पाठवले. तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्रास त्याला झाला नाही. एकाच आईची तीन पिल्लं, आणि एकच चाललं. आईला मी ही गोष्ट सांगितली ती यासाठी की प्रश्न जातीचा नाही, त्या एका कुत्र्याचा आणि या एका मुलाचा आहे. जो कुत्रा घ्यायचा त्याच्याबरोबर धाकट्याने तासतास बसायचं, एकदा नाही, तीनदा, आणि तेही त्याच्या डॉक्टरांना आधी विचारून.

जातीवर अति विसंबण्याबद्दल आणखी एक मोठा अभ्यास आहे. २०२२ साली प्रसिद्ध झाला, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक वाचून. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, याचं जातीने स्पष्टीकरण होतं ते सरासरी सुमारे ९ टक्के. आज्ञा ऐकण्याची तयारी जातीशी जास्त जोडलेली दिसली, पण चटकन भडकणं फारसं नाही. म्हणून यादीत मी जातिवंत नसलेल्या कुत्र्यांनाही जागा ठेवली होती. आम्ही दोन बघितलेही. एक गोड कुत्री होती, पण १६ किलोची. दुसरा बसल्या जागी मुलांच्या पळण्याने थरथरत होता. त्याला मुलं नसलेलं घर मिळावं, अशी चिठ्ठी मी त्याला सांभाळणाऱ्या बाईंना दिली.

पूडल

पूडलचं नाव आजींनी काढलं, आणि तेही जातीचं नाव न घेता. तपासणीसाठी डॉक्टरांकडे बसलेल्या असताना शेजारी कुणीतरी कुरळ्या केसांची लहान कुत्री घेऊन बसलं होतं. ती आजींच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपली. घरी येऊन त्यांनी तेवढंच सांगितलं. इतक्या आठवड्यांत त्यांनी आपणहून काढलेला हा पहिला विषय होता.

वडिलांना पूडल पटत नव्हता. "तो नटवलेला कुत्रा," ते म्हणाले. मला हे नेहमी ऐकावं लागतं आणि दर वेळी मी त्याच्या बाजूने बोलते. पूडलचं नाव 'पाण्यात छपछप करणं' या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलं आहे. तो पाण्यातून शिकार आणून देणारा कुत्रा, म्हणजे लॅब्रॅडॉरचाच व्यवसायबंधू. अंगावरचे केस पोहताना जड होऊ नयेत म्हणून मागचा भाग भादरायचे आणि छातीवर, सांध्यांवर गारठ्यापासून आडोसा म्हणून ठेवायचे. प्रदर्शनातले गोंडे त्या सवयीतून आले. थोरलीला मी खास तिच्यासाठी एक गोष्ट ठेवली होती: १९८८ साली जॉन सूटर नावाच्या माणसाने स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराच्या पूडलचा समावेश असलेला चमू घेऊन अलास्काची इडिटारॉड ही लांब पल्ल्याची स्लेजशर्यत धावली. तिचे डोळे चमकले.

आम्हाला हवा होता तो मिनिएचर, म्हणजे लहान आकाराचा पूडल, खांद्यापाशी ३८ सेंटिमीटरच्या आतला. शिकायला तत्पर, हलका, पण त्याहून लहान टॉय पूडलइतका नाजूक नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या हातून दोन-तीन किलोचा कुत्रा पडला तर पाय मोडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. दोष दोन मी आधीच सांगितले: केस गळत नाहीत म्हणजे ते वाढतच राहतात, आणि हुशार कुत्रा वाईट सवयही तितक्याच लवकर उचलतो.

कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका ब्रीडरकडे चार वर्षांची मादी होती. दोन वेळा व्यायलेली, आता नसबंदी झालेली, तिच्यासाठी घर शोधणं चालू होतं. वजन साडेसहा किलो, रंग साय धरलेल्या दुधासारखा. डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराची जनुकचाचणी झालेली, गुडघ्याच्या वाट्या तपासलेल्या, कागद हातात दिले. न मागता दिले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली.

तीन भेटी झाल्या. पहिल्या भेटीत आम्ही कुणीच तिला बोलावलं नाही. ती कुणाकडे जाते ते बघितलं. दुसऱ्या भेटीत धाकट्याला शिकवलं: तीन वेळा हात फिरव, मग थांब. ती परत जवळ आली तर पुढे, नाही आली तर संपलं. ती आली. तो पळायला लागला की ती मागे न लागता कोचाच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. मला ती वाट काढून जाणं आवडलं. मुलांच्या पळण्याने चेकाळणाऱ्या कुत्र्यापेक्षा बाजूला होणारा कुत्रा मला लहान घरात हवा असतो. तिसऱ्या भेटीत मी स्वयंपाकघरात मुद्दाम स्टीलचं भांडं पाडलं. ती दचकली, मागे सरली, आणि काही क्षणांत पुढे येऊन भांडं हुंगू लागली. घाबरणं ठीक आहे. सावरायला किती वेळ लागतो ते बघायचं असतं. धाकट्याला तीनही वेळा दम लागला नाही. दुसऱ्या वेळी नाक गळलं, तेही लिहून ठेवलं.

नाव धाकट्याने ठेवलं: कापूस.

वर्षभरात

पहिली दोन-तीन दिवस ती दाराकडे तोंड करून पडून राहायची. खायची नाही. घरातल्यांना वाटलं आपण चूक केली. नव्या घरात आलेल्या मोठ्या कुत्र्याला तीन-चार आठवडे तरी द्यावे लागतात, तेवढे दिवस पाहुणे नको, आंघोळ नको, नव्या युक्त्या नको, हे मी बजावलं होतं. चौथ्या दिवशी ती आजींच्या खुर्चीखाली जाऊन झोपली आणि तिथलीच झाली.

त्याचा त्रास थोरलीला झाला. संध्याकाळी फिरवायची ती, केस विंचरायची ती, आणि कुत्री दारातून आत आली की धावायची आजींकडे. एकदा तिने मला फोन करून विचारलं, "मी काय कमी करते?" काही कमी करत नव्हती. कुत्रं दिवसभर ज्याच्या सोबत असतं त्याच्या सावलीत राहतं. मी तिला एक काम दिलं जे दुसऱ्या कुणी करायचं नाही: रोज पाच मिनिटं वस्तू शोधण्याचा खेळ. मोजा लपवायचा, कापसाने हुंगून काढायचा. दोन महिन्यांनी थोरली शाळेतून यायच्या वेळी कापूस मोजा तोंडात धरून उभी राहायला लागली.

चौथ्या आठवड्यात कानामागे गुठळ्या झाल्या. ब्रश वरवरून फिरत होता, आत केस गुंतून फेल्टसारखा घट्ट थर तयार झाला होता. कंगवा कातडीपर्यंत पोचला पाहिजे, हे पूडलच्या घरात पहिल्या दिवसापासून शिकवायला हवं, आणि मी ते दाखवलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. ते केस काढून टाकावे लागले. आता दर सहा आठवड्यांनी केस कापले जातात आणि एक दिवसाआड कंगवा.

तिसऱ्या महिन्यात वजन ७.४ किलो भरलं. ९०० ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं, पण साडेसहा किलोच्या कुत्रीचं ते जवळजवळ सातवा हिस्सा वाढलेलं वजन आहे. उगम सगळ्यांना ठाऊक होता. आजींना मी नको म्हणाले नाही. त्यांच्या हातून खाणं हीच दोघींची भाषा होती. मग दिवसाचं सगळं खाणं सकाळी एका वाटीत मोजून आजींच्या ताब्यात दिलं. द्यायचं ते त्यांनीच द्यायचं, त्या वाटीतलंच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा ही कुत्र्याला विष ठरणारी नावं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटाला लावली. सहाव्या महिन्यात वजन ६.७.

धाकट्याचं पलंगाचं स्वप्न पुरं झालं नाही. त्याची खोली कापसाला बंद आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आईने पाळलं. तिने पंपाची वही ठेवली. वर्षभरात पंप आधीइतकाच लागला, वाढला नाही. सर्दी मात्र दोन-तीनदा जास्त झाली. रात्री तो दाराच्या आत आणि कुत्री दाराच्या बाहेर, अशी दोघं थोडा वेळ बसतात.

पाचव्या महिन्यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. झोपलेल्या कापसाला धाकट्याने मागून मिठी मारली आणि ती गुरगुरली. वडील तिच्यावर ओरडले. मी त्याच संध्याकाळी गेले. गुरगुरणं हा कुत्र्याचा शब्द आहे, 'पुरे' म्हणण्याचा. तो शब्द दाबला तर पुढच्या वेळी कुत्रं न बोलता चावतं. लहान मुलांना फक्त अनोळखी रस्त्यावरची कुत्रीच चावतात असं नाही, घरातली किंवा ओळखीचीही चावतात, आणि बऱ्याचदा मुलाच्या प्रेमाच्या मिठीतच. वडिलांना हे ऐकताना अवघड गेलं, कारण त्यांच्या लहानपणचा कुत्रा कधीच गुरगुरला नव्हता. तो त्याच्या वाट्याला आलेलं सगळं सोसत होता का, असं ते स्वतःच म्हणाले. आता कापूस आपल्या गादीवर असताना तिला कुणीच हात लावत नाही, मोठी माणसंही नाहीत. त्यानंतर गुरगुर ऐकू आली नाही.

दारावरच्या घंटेला भुंकणं अजून आहे. कमी झालं आहे, गेलं नाही.

वर्षानंतरच्या भेटीत आजी चार वाजता बस गाठायला निघाल्या तेव्हा मीही खाली गेले. लिफ्टमध्ये कापूस त्यांच्या डाव्या पायाशी बसली. खाली एक मांजर होतं. कापूस पट्ट्याच्या टोकापर्यंत गेली, पट्टा ताणला गेला, आणि आजींचा हात जागचा हलला नाही. त्या तिला "चल" म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

पहिला कागद अजून त्यांच्याकडे आहे, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. त्यावर आता पुढच्या वर्षांचे रकानेही आखले आहेत. थोरली अठरा वर्षांची होऊन बाहेर शिकायला जाईल तेव्हा कापूस दहा वर्षांची असेल, आणि या जातीचे कुत्रे चौदा-पंधरापर्यंतही जगतात. त्या वर्षांतल्या संध्याकाळच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं यावर त्यांचं बोलणं झालं. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा असेल, म्हणून त्याचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे. खाली वडिलांनी आपलंही लिहिलं आहे, पेनाने. सकाळच्या फेऱ्या त्यांच्या सातपैकी पाच होतात.